पडद्यामागची इंग्रजी

वाटूरकडून परतूरला येणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला, की मला इंग्रजी आठवते. बाभळीला कापूस लागत नाही, एवढं शेतीचं ज्ञान मला आहे. पण हंगामात कापसाच्या गाड्या अशा काही ठासून भरलेल्या येतात, की रस्त्याकडेची प्रत्येक बाभूळ जाता येता आपला वाटा काट्यानं ओढून घेते. पंधरा दिवसांत सगळा रस्ता पांढरा होतो. जिनिंगच्या कारखान्याकडून वारा आला, की सरकीचा तेलकट, उबदार वास थेट कचेरीत माझ्या टेबलापर्यंत येतो. यंदाही तो आला.

परवा सायकलवरून घरी येत होतो. पुढं कापसाची गाडी, आजूबाजूला धूळ. गाडीवान बाजूला व्हायचं नाव घेईना. मी घंटी वाजवली, खाकरलो, आणि मग माझ्याही नकळत तोंडातून खर्जात आणि अगदी संथपणे शब्द आले, "माय लॉर्ड, द कॅरेज इज वेटिंग." गाडीवानानं दचकून बैल कडेला घेतले. "काय म्हन्ले सायब?" त्यानं विचारलं. "काही न्हाई, जाऊ दे मला," मी म्हणालो. माझी इंग्रजी लोकांवर अजून परिणाम करते, हे पाहून बरं वाटलं. साताठ वर्षं होऊन गेली त्या हंगामाला.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निजाम गेला, पण कचेरीतली उर्दू गेली नव्हती. कपाटं, फायली, शिक्के, शिव्या, सगळं उर्दूत. मग एका सकाळी हुकूम आला. दफ्तर इंग्रजीत चालेल. जुन्या नोकरांनी सहा महिन्यांत परभणीला मोठ्या साहेबापुढं तोंडी परीक्षा द्यावी आणि साहेब सांगेल ते इंग्रजीत लिहून दाखवावं. जो नापास, तो घरी.

मला मॅट्रिकला इंग्रजी होती. वाचता यायची, लिहिता यायची, फक्त बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. पण माझं काय, मी पंचविशीतला. खरी पंचाईत झाली ती मुन्शीजींची.

मुन्शीजी म्हणजे आमच्या कचेरीतले दिगंबरराव. तीस वर्षं नोकरी, चार वर्षांवर पेन्शन. काळी शेरवानी, काळी टोपी आणि कानावर बोरू. त्यांचं उर्दू अक्षर पाहायला जालन्याहून वकील येत. मी नोकरीला लागलो तेव्हा माझा पहिला मसुदा त्यांनी सात वेळा फाडला आणि आठव्या वेळी स्वतः लिहून माझ्या नावानं पुढं पाठवला. माझी नोकरी टिकली ती त्या आठव्या मसुद्यावर, हे मी विसरलो नव्हतो. आणि या माणसाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. ए कुठला आणि बी कुठला, हेही नाही. नापास झाले तर चाकरी जाणार, पेन्शनही जाणार. हुकूम मीच त्यांना वाचून दाखवला. ऐकून त्यांनी बोरू कानावरून काढला, पुसला आणि पुन्हा कानावर ठेवला.

"पुस्तक नको आणू सदाशिव," ते म्हणाले. "पुस्तकातून मी फारसी शिकल्तो. आता डोक्यात जागा न्हाई. कानानं येत असंल तर सांग."

कानानं यायची सोय देवानंच केलेली होती. कापसाचा हंगाम म्हणजे लोकांच्या हाती चार पैसे, म्हणून जिनिंगमागच्या मैदानात दर साली तंबूचा सिनेमा लागे. हिंदी पिक्चरची पेटी रेल्वेनं यायची. त्या हंगामात डब्यांतून कापसाच्या गाठी चाललेल्या, त्यामुळं सिनेमाच्या पेटीला जागा मिळेना. पेटी आली नाही, की तंबूवाला स्वतःजवळचं एकुलतं एक इंग्रजी पिक्चर लावी. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. फितीतला नावाचा तुकडा केव्हाच तुटून गेलेला. गावात त्याला घोडागाडीवालं पिक्चर म्हणत. एक मोठा वाडा, एक म्हातारा लॉर्ड, त्याची दोन मुलं, एक मृत्युपत्र, आणि अधूनमधून दाराशी येऊन उभी राहणारी घोडागाडी. रेल्वेच्या कृपेनं त्या हंगामात ते आम्ही चौदा वेळा पाहिलं.

पहिल्या दिवशी पुढं बसलो, तर समोरच्या फेट्यांमुळं पडदा धड दिसला नाही आणि इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडला नाही. कारण रहीमभाई. पडद्याशेजारी स्टुलावर उभं राहून, हातात वेळूची काठी घेऊन गोष्ट समजावून सांगणं हे रहीमभाईचं काम. इंग्रजी त्यालाही येत नव्हती, पण त्याचं काही अडत नव्हतं. पडद्यावर दोघे भाऊ मृत्युपत्रावरून भांडायला लागले, की हा काठी आपटून खड्या आवाजात सुरू व्हायचा, "ये बडा भाई. ये छोटा. छोटे की नीयत में खोट है. अब बडा भाई क्या पूछता? बोलता, अब्बा की जिनिंग किसके नाम पे है?" लोक खूश. विलायतेतसुद्धा जिनिंगवरून भाऊ भांडतात, हे ऐकून पुढच्या रांगेतल्या एका मारवाडी शेठजींनी समाधानानं मान डोलावली होती.

मुन्शीजी मध्यंतरात उठून त्याच्याकडं गेले. "भाई, थोडी देर खामोश रहो. हम को अंग्रेजी सुनना है."

रहीमभाईनं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. "मुन्शीजी, मैं खामोश रहा तो पब्लिक तंबू उखाडेगी. आप पीछे बैठो. भोंगा उधर है."

पडद्यामागं अर्ध्या तिकिटाची जागा असे. पडद्यावर पाणी मारलं, की चित्र पलीकडूनही दिसे. तिकडं हमाल, गाडीवान आणि ज्यांना पुढं बसणं परवडत नाही असे लोक. तिथं आवाजाच्या भोंग्याला पाठ टेकून शेरवानीतले मुन्शीजी आणि मी सगळा हंगाम बसलो. दिवेलागणीला खेळ सुरू व्हायचा. प्रोजेक्टरच्या उजेडात कापसाचे तंतू उडत, त्यामुळं त्या लॉर्डच्या वाड्यात बाराही महिने बर्फ पडतोय असं वाटे. वीज पुरवणारं ऑईल इंजिन पहिल्या रिळापर्यंत ठीक चाले, मग दमायला लागे. आणि इंजिन दमलं, की सगळी पात्रं खोल, घोगऱ्या आवाजात आणि फार सावकाश बोलू लागत. नायिकासुद्धा. आम्हाला वाटलं, खानदानी इंग्रज असेच बोलत असणार. आम्ही ते तसंच, त्याच चालीत पाठ केलं. आजही माझी इंग्रजी दमलेल्या इंजिनावरच चालते.

मुन्शीजींनी वही केली होती. पाचव्या खेळाला पडद्यावर मृत्युपत्र मोठं करून दाखवलं, तेव्हा ते माझा दंड धरून म्हणाले, "सदाशिव, ही तर उजवीकडून डावीकडं लिहून राह्यले. आपल्या उर्दूसारखीच आहे की रे ही जबान." त्यांचा चेहरा असा उजळला होता की सांगताना मलाच वाईट वाटलं. "मुन्शीजी, आपण मागं बसलोत. अक्षरं उलटी दिसून राह्यलीत. इंग्रजी डावीकडूनच लिहितात," मी समजावलं. "असं होय," ते म्हणाले आणि वहीतली ती ओळ त्यांनी खोडली.

आता इथं एक कबुली. अक्षरं उलटी दिसतात, हे ओळखण्याइतकी अक्कल मला होती. तीच अक्कल चार बोटं पुढं सरकली असती, तर पुढचं काही घडलं नसतं. पण ती अक्षरांपाशीच थांबली. पडद्यावर लॉर्ड डाव्या हातानं टोपी उचलत होता, डाव्या हातानं हस्तांदोलन करत होता, वकील डाव्या हातानं सह्या करत होता, आणि आम्ही दोघे शहाणे ते बघून वहीत टिपून घेत होतो.

"डाव्या हातानं? तोबा," असं मागं बसलो त्या पहिल्या दिवशी मुन्शीजी म्हणाले. डावा हात आपल्याकडं कशाच्या कामाचा, ते मी सांगायला नको. पण विचार करकरून त्यांनी स्वतःची समजूत घातली. "उर्दू उजवीकडून डावीकडं, म्हणून उजव्या हातानं. इंग्रजी डावीकडून उजवीकडं, मंग डाव्या हातानं. हिसाब बराबर आहे." मलाही तो हिशेब पटला; शाळेत मास्तरांनी उजव्या हातानं शिकवली ती देशी इंग्रजी, असं मी धरलं. त्या दिवसापासून ते मुलांच्या पाटीवर डाव्या हातानं ए-बी-सी-डी गिरवायला बसले. ज्या माणसाच्या उजव्या हातातून मोत्याची ओळ उतरायची, तो जीभ दातांत धरून डाव्या हातानं एक वाकडा बी काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. मला ते बघवत नसे. मी खिडकीबाहेर बघायचो.

घरी काकू, म्हणजे मुन्शीजींच्या पत्नी, हैराण. "डाव्या हातानं तांब्या उचलून राह्यलेत, डाव्या हातानं टोपी काढून मला सलाम करून राह्यलेत," त्यांनी मला अंगणात गाठून सांगितलं. "दोनदा मीठमिरच्या ओवाळल्या. ठसका मलाच लागला." मी म्हणालो, काकू, ही इंग्रजी आहे. "मंग लवकर उतरू दे बाबा," काकू म्हणाल्या.

साहेब काय विचारणार, याचाही आम्ही अंदाज बांधला. नोकरी किती झाली, हे नक्की विचारणार. त्यावर पिक्चरमधल्या म्हाताऱ्या नोकराचं एक वाक्य होतं, की हुजूर, या घरात चाळीस हिवाळे काढले. फॉर्टी विंटर्स, माय लॉर्ड. मुन्शीजी अडून बसले. "चाळीस कसं म्हणू? तीसच झालेत. झूट न्हाई बोलायचं." मग मी त्यांना फॉर्टीचं थर्टी करून दिलं. बाकी कुठल्याही प्रश्नाला घोडागाडी दाराशी आली आहे, हे सांगायचं ठरलं. त्याहून जास्त इंग्रजी त्यांच्या पोटात मावत नव्हती.

परभणीला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो आणि स्टेशनवरून टांगा केला. साहेब मद्रासकडचे, पांढऱ्या सुटातले, कपाळावर बारीक गंधाची रेघ. माझा नंबर मुन्शीजींच्या मागं, म्हणून मी दाराच्या पडद्याशी उभा होतो आणि फटीतून सगळं दिसत होतं. आयुष्यात मी पडद्यामागूनच जास्त पाहिलं आहे.

मुन्शीजी आत गेले. पिक्चरमधला लॉर्ड एक हात नेहमी कोटाच्या खिशात ठेवी. त्याप्रमाणं उजवा हात शेरवानीच्या खिशात. डावा हात त्यांनी साहेबापुढं केला. साहेबानं त्या हाताकडं पाहिलं, मग खिशाकडं पाहिलं. मग ते खुर्चीतून उठले, आपला डावा हात पुढं करून त्यांनी मुन्शीजींचा हात हलकेच धरला, आणि बसायला सांगितलं. मी मनात म्हटलं, जमलं. इंग्रजी म्हणतात ती हीच.

नोकरी किती झाली, हे खरंच विचारलं. मुन्शीजींनी दमलेल्या इंजिनाच्या आवाजात, एकेका शब्दाला वेळ देत उत्तर दिलं, "थर्टी... विंटर्स... माय लॉर्ड." साहेबाचा चष्मा नाकावरून थोडा खाली आला. उतरलात कुठं, असं काहीतरी त्यांनी पुढं विचारलं. "द कॅरेज इज वेटिंग," मुन्शीजी म्हणाले. साहेबानं खिडकीतून पाहिलं, तर आमचा टांगा खरोखरच उभा होता. त्यांनी मान हलवली. मग नाव, गाव आणि कचेरी लिहायला सांगितली. मुन्शीजींनी डाव्या हातात टाक घेतला. तीन ओळींना किती वेळ लागला ते विचारू नका. साहेब मात्र कागदाकडं न बघता मुन्शीजींच्या चेहऱ्याकडं बघत बसले होते.

पंधरा दिवसांनी निकाल आला आणि तो घेऊन मी मुन्शीजींच्या घरी गेलो. माझ्या नावापुढं एकच शब्द होता, ठीक. मुन्शीजींच्या नावापुढं मात्र दोन ओळी होत्या. त्या मी दोनदा वाचल्या. लिहिलं होतं, की उजवा हात निकामी असूनही या वयात डाव्या हातानं इंग्रजी लिहायला शिकण्याची या नोकराची जिद्द लक्षात घेऊन त्यास उत्तीर्ण करण्यात येत आहे.

आणि तेव्हा, त्या एका क्षणात, माझी अक्षरांपाशी थांबलेली अक्कल पुढं सरकली. पडदा. मागची बाजू. डावा हात. सगळं एकदम लक्षात आलं.

"काय लिहून राह्यलाय साहेब?" मुन्शीजींनी विचारलं. काकूही दारात येऊन उभ्या होत्या. मी खरं सांगितलं असतं, तर तो माणूस त्याच पावली परभणीला जाऊन साहेबाला उजवा हात दाखवून आला असता. चाळीसचं तीस करून घेणारा माणूस तो. पेन्शनवर पाणी पडलं असतं. मी रहीमभाईचं स्मरण केलं आणि म्हणालो, "लिहितात, की यांच्या इंग्रजीत खानदानी रुबाब आहे."

मुन्शीजींनी सगळ्या कचेरीला पेढे वाटले. डाव्या हातानं.

पुढची चार वर्षं माझी काय गत झाली, ते माझं मला माहीत. साहेब वर्षातून दोनदा तपासणीला परतूरला यायचे. ते जीपमधून उतरले, की मी मुन्शीजींच्या उजव्या हातावर शाल टाकायचो. चैत्रातसुद्धा. शाल नसली तर रजिस्टर, रजिस्टर नसलं तर स्वतः मध्ये उभा राहायचो. "साहेबाला डाव्या हाताचंच काम पसंत आहे, तुम्ही डाव्यानंच लिहा," असं मुन्शीजींना सांगायचो. त्यांना शंका आली नाही, कारण पिक्चरमध्ये चौदा वेळा तेच पाहिलेलं. एकदा साहेबासमोर मुन्शीजी पडलेली पेन्सिल उचलायला उजव्या हातानं वाकले, तेव्हा मी त्या पेन्सिलीवर पाय दिला. साहेबानं माझ्या पायाकडं पाहिलं आणि पान उलटलं. एकदाचे मुन्शीजी पेन्शनीत निघाले, तेव्हा त्यांच्याहून मोठा सुटकेचा श्वास मी घेतला.

मुन्शीजी आता साठीचे आहेत. मधली बरीच वर्षं बंद असलेला तंबू यंदा दिवाळीनंतर पुन्हा आला. आता पडद्यामागं कुणाला बसवत नाहीत, रहीमभाईही हैदराबादला लेकीकडं गेला. इंग्रजी पिक्चर लागलंय ऐकून मुन्शीजी स्वतः मला बोलवायला आले. "चल सदाशिव. यंदा पुढं बसून पाहू, रुबाबात." मला नाही म्हणायला हवं होतं. पण मीही ते सगळं मागं पडलं असं धरून चाललो होतो.

पडद्यावर दोन साहेब भेटले. दोघांनी हात पुढं केले. उजवे.

आणखी दोघे भेटले, तेही उजव्या हातानं. एकानं सही केली, उजव्या हातानं. मुन्शीजींनी मांडीवरचा आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला. मग पडदा कुठं आहे, आम्ही तेव्हा कुठं बसत होतो, हे मागं-पुढं बोट करून त्यांनी नीट तपासलं. मध्यंतर व्हायच्या आत ते उठले. मी मागोमाग.

"त्या कागदावर साहेबानं काय लिहिल्तं? खरं सांग," रस्त्यात ते म्हणाले.

मी सांगितलं. शब्दाला शब्द लावून सांगितलं. ते ऐकत चालत राहिले. घर आल्यावर म्हणाले, "साहेब आले की मला खुर्ची द्यायचे. स्वतः उठून दार उघडून द्यायचे. मला वाटायचं माझ्या इंग्रजीची इज्जत करून राह्यले. ते तर लुळ्या माणसावर रहम करत होते." मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर ते आत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी कागद घेऊन आले. उर्दूतलं पत्र, साहेबाच्या नावे. कित्येक वर्षांनी त्यांचं ते अक्षर मी पुन्हा पाहिलं. मजकूर एवढाच, की जनाबे आली, माझा उजवा हात सलामत आहे, सबूत म्हणून हे पत्र त्याच हातानं लिहिलं आहे. गैरसमज माझ्याकडून झाला, कसूर माझा आहे. "खाली इंग्रजीत तर्जुमा कर. बराबर कर," ते म्हणाले.

"मुन्शीजी, पेन्शन बंद झाली तर?"

"होऊ दे. चौतीस वर्षं ह्या हातानं लिहिलं. कागदावर तो मेलेला म्हणून राहू द्यायचा न्हाई मला."

मी तर्जुमा केला. साहेब एव्हाना मद्रासला परत गेले होते, त्यांचा तिथला पत्ता मी कचेरीतून काढला. पत्र टपालात पडलं. मग महिनाभर आम्ही दोघे पोस्टमनकडं डोळे लावून होतो. काकूंना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी मीठमिरच्या काढून ठेवल्या होत्या.

काल उत्तर आलं. पाकीट घेऊन मुन्शीजी कचेरीतच आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. मी पत्र वाचून मराठीत सांगायला लागलो, या वेळी एकही शब्द न बदलता. साहेबानं लिहिलं होतं:

"आपलं अक्षर फार सुंदर आहे, असं इथल्या एका उर्दू जाणकारानं सांगितलं. मला वाचता येत नाही, तरी मी ते पत्र जपून ठेवलं आहे. आपला उजवा हात चांगला असल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. खोलीतून जाताना आपण त्याच हातानं टोपी सारखी केली आणि दाराचा पडदा बाजूला केलात. पण आपल्या त्या तीन ओळींवर आपल्याला पास करायचं तर नियमात बसेल असं काहीतरी कारण लिहिणं भाग होतं, आणि आपण हात खिशात घालून मला ते आयतंच दिलं होतं. ती नोंद चुकीची होती, ती चूक माझी आहे. पेन्शनची काळजी नसावी. आपले मित्र सदाशिव यांना माझा नमस्कार सांगा. ते आपला हात ज्या तऱ्हेनं झाकत, ते पाहण्यासाठी मी परतूरच्या दौऱ्याची वाट बघत असे."

मी पत्र खाली ठेवलं. बाहेर जिनिंगचा भोंगा झाला. एक कापसाची गाडी खिडकीवरून गेली आणि दोन-चार तंतू टेबलावर येऊन पडले. मुन्शीजींनी ते उजव्या हातानं उचलले, पत्र माझ्याकडून घेतलं आणि ओळींखालून बोट फिरवत, डावीकडून उजवीकडं, सगळं पुन्हा बघून काढलं. किती कळलं कुणास ठाऊक.

"म्हणजे पडद्यापुढं रहीमभाई होता," ते सावकाश म्हणाले. "मला तू रहीमभाई झालास. अन् त्या कागदावर साहेब भी रहीमभाईच."

"हो मुन्शीजी."

त्यांनी पत्राची घडी घातली, शेरवानीच्या खिशात ठेवली, आणि विचारलं, "मंग सदाशिव, खरं पिक्चर पाह्यलं कोणी?"